रेणू, लिथियम आणि एक बोट कुंकू

आमची रेणू जालन्याच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये काम करते. तिथं काय बनतं असं कोणी विचारलं, तर आम्ही घरातले तिघं तीन उत्तरं देतो. तिचे बाबा म्हणतात, वीज. तिची आजी म्हणते, बनत काहीच न्हाई, नुस्तं तापवून राह्यलेत. मी म्हणते, संशोधन. आणि विषय बदलते.

विचारणारा चिवट निघाला तर मात्र नीट सांगावं लागतं. मेदूवड्याच्या आकाराचं एक पोकळ पोलादी भांडं आहे. त्यातली हवा उपसून काढतात, चिमूटभर हायड्रोजन सोडतात आणि तो इतका तापवतात की तो साधा वायूही राहत नाही. त्याला प्लाझ्मा म्हणतात. सूर्यात जे चालतं ते एक दिवस अशा भांड्यात करून वीज काढायची, म्हणून जगभर माणसं खपतायत. आमच्या शेडमधलं भांडं त्या मानानं अगदी लहान, शिकाऊ. चुंबकं प्लाझ्माला मधोमध धरून ठेवतात, तरी त्याची कड भिंतीला लागतेच. भिंतीवर आपटलेला हायड्रोजन गार होऊन परत येतो, कड गार करतो, आणि कड गार पडली की आतलं सगळंच मंदावतं. रेणूचं काम या भिंतीचं. ती भिंतीला आतून लिथियमचा पातळ थर देते. लिथियम हायड्रोजनला गिळून टाकतं, परत सोडत नाही, म्हणून कड गरम राहते. पण ते हवा आणि ओलही तशीच गिळतं. एकदा पोट भरलं की मग ती साधी भिंत. म्हणून थर पुन्हा पुन्हा द्यायचा, आणि भांड्याला सुईच्या टोकाएवढीही फट ठेवायची नाही.

हे सगळं रेणूनं एकदा माझ्या सासूबाईंना, गोपिकाबाईंना, समजावून सांगितलं.

“म्हंजी मेंढरावानी,” त्या म्हणाल्या. “कडंची बिथरली की मधली बी बिथरत्यात. तुझा आजा कायम कडंनं चालायचा.”

“बराबर, आजी. मी पण कडेलाच आहे.”

“मंग पायात धड चप्पल घालीत जा.”

रेणूचा जन्म टेंभुर्णीचा. तिचे आजोबा धुळाजी मेंढरं घेऊन अर्धं वर्ष बाहेर असायचे. तिच्या बाबांना बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो, तेव्हा ती चार वर्षांची होती. तिची एक सवय होती. नवीन वस्तू दिसली की दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहायची आणि बघत राहायची, पाच मिनिटं, दहा मिनिटं. हात म्हणून लावायची नाही. दुकानदारांना ती फार आवडायची. मला मात्र वाटायचं, हे पोर जगात कशालाच हात घालणार नाही की काय.

शाळा बदनापूरला, कॉलेज जालन्याला, मग विद्यापीठात फिजिक्सची एम.एस्सी. त्यानंतर दोन वर्षं परीक्षांचे फॉर्म आणि निकालांची वाट. तेवढ्यात या शेडची जाहिरात आली. शेड चालवणारे रामप्रसाद सर परदेशात शिकून परत आलेले, मूळचे जालन्याचेच. पोलाद कापणारे, वेल्डर, फिटर इथं हाताशी मिळतात, म्हणून त्यांनी भांडं इथं मांडलं. मुलाखतीत त्यांनी रेणूला आधी भांड्यापाशी नेलं. थोड्या वेळानं विचारलं, “तू अशी हात मागे बांधून का उभी आहेस?” ती म्हणाली, “अजून बघून झालं नाही, सर.” त्यांनी तिला लिथियमवर घेतलं.

बोल्ट आवळायला तिला शिवाजीभाऊंनी शिकवलं. ते शेडमधले फिटर. अठ्ठावीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढलेला माणूस, आमच्याच बदनापुरात दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. मी त्यांना भाऊ म्हणते, रेणू काका म्हणते. भांड्याला ज्या खिडक्या असतात त्यांवर जाड पोलादी चकती बसते. चकती आणि भांडं यांच्यामध्ये तांब्याची कडी, आणि भोवती सोळा बोल्ट.

“एक इकडचा, मंग त्याच्या समोरचा. पाव फेरा फक्त. घाई केली ना रेणूबाई, की चकती एका अंगाला रुसून बसती.”

“आणि रुसली तर?”

“सगळे सोडायचे आन् पहिल्यापासून समजूत काढायची. घरच्यावानीच.”

मागच्या ऑगस्टपर्यंत सगळं सुरळीत होतं. लिथियम एका बंद काचेच्या पेटीत कापतात. पेटीत हवा नसते, अर्गन वायू असतो, आणि पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून काम करायचं असतं. त्या दिवशी बाहेर काढलेल्या ताटलीला हरभऱ्याएवढा तुकडा चिकटून राहिला होता. दमट हवा, ओला ओटा; ताटली टेकली आणि तुकडा पेटला. कोणीतरी पाण्याची बादली उचलली. शिवाजीभाऊंनी ती लाथेनं उडवली. रेणूनं कोरडी ग्राफाइटची भुकटी ओतून आग दाबली. तिच्या डाव्या हाताच्या पाठीवर बोराएवढा डाग राहिला, बाकी काही नाही.

मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. आहे. पाण्यावर तडतडत धावणारा सोडियमचा तुकडा मी कॉलेजात पाहिलाय, आणि लिथियम त्याचंच भावंड. न शिकलेली असते तर देवावर सोडून झोपले असते. मला नेमकं काय होऊ शकतं ते माहीत होतं. त्या दिवसापासून मी तिला कामाच्या वेळेत फोन करायला लागले. अकराला, दोनला, पाचला. “जेवलीस का?” असं विचारायचे, पण विचारायचं असायचं वेगळंच. तिला ते कळायचं. “दोन्ही हात आहेत, आई,” म्हणून फोन ठेवायची.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी एमआयडीसीत लेथपासून क्रेनपर्यंत प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतात. रामप्रसाद सरांनी पूजेला नाही म्हटलं नव्हतं. पण भांड्याभोवती जमिनीवर पिवळा पट्टा ओढलेला आहे. पट्ट्याबाहेर कंट्रोलचं कपाट आहे, त्याला काय लावायचं ते लावा, असं त्यांनी सांगितलं होतं. आत पाण्याचा थेंब नको, कुंकवाचा कण नको.

मी सकाळी फोन केला.

“झाली का पूजा?”

“झाली. कपाटाला पाच बोटं, नारळ, पेढे.”

“कपाटाला? अगं, आग कपाटातून आली होती का?”

“आई, आत नाही चालत.”

“एक बोट लाव. कडेला कुठंतरी. तू लावल्याशिवाय मी पाणी पिणार नाही.”

नऊ दिवसांचे उपास होते, त्यातला तो नववा. तिनं पुन्हा एकदा “आई” म्हणून पाहिलं. मग म्हणाली, “बरं.”

त्या दिवशी एक खिडकी बदलायची होती. नवी चकती टेबलावर पालथी ठेवलेली होती. तिची जी बाजू बाहेर राहते तिच्यावर रेणूनं ओलं कुंकू एक बोट टेकवलं आणि लगेच कापडानं पुसून टाकलं. एक ओघळ कडेवरून खाली, तांब्याची कडी बसते त्या खोबणीत उतरला होता, तो तिला दिसला नाही. बघून झाल्याशिवाय कधी हात न लावणारी माझी मुलगी त्या दिवशी घाईत होती, कारण घरी आई तहानलेली बसली होती. दुपारी शिवाजीभाऊंनी ती चकती बसवली.

पंधरा दिवसांत लक्षात आलं की भिंत टिकत नाही. प्लाझ्मा पेटवण्याच्या एका खेपेला ते शॉट म्हणतात. पापणी लवते न लवते तोच संपतो. संध्याकाळी थर द्यावा, सकाळचे दोन-तीन शॉट छान जावेत, आणि चौथ्याला कड गार. लिथियम कुठून तरी हवा खात होतं. मग गळती शोधायला लागले. प्रत्येक जोडावर बाहेरून हेलियमची बारीक फुंकर मारायची, आणि तो आत पोहोचला का ते मापकावर बघायचं. सहाव्या दिवशी मापक वाजलं ते त्याच खिडकीपाशी.

भांडं उघडलं की लिथियम वाया जातं. मग आतून धुणं, तापवणं, यात दीड महिना जातो. म्हणून सरांनी जोडाला बाहेरून लेप लावून काम पुढे रेटायला सांगितलं. आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “शिवाजीराव, वय झालं. हात आता पहिल्यासारखा बसत नाही तुमचा.” दुसऱ्या दिवसापासून शिवाजीभाऊ स्टोअरमध्ये बसायला लागले.

त्या संध्याकाळी रेणू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“आई, ती माझीच चकती आहे.”

“कशावरून? एखादा बोल्ट ढिला राहू शकतो.”

“काकांचा?”

मग मी जे बोलले ते इथं लिहिते, नाहीतर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही. मी म्हणाले, “तू गप राहा. उघडतील तेव्हा बघू. भाऊंना काय, स्टोअरमध्ये बसून आरामच आहे.”

ती गप राहिली. आज्ञाधारक म्हणून नव्हे; तिलाही भीती वाटत होती. भिंत तिच्या हातून जाईल याची. जालन्यात दुसरं असं भांडं नाही, आणि बाहेर पाठवायला मी तयार नव्हते, हे तिला माहीत होतं. शेडमध्ये जायचा रस्ता स्टोअरच्या दारावरून. एक दिवस शिवाजीभाऊंनी तिला थांबवलं आणि उजवा हात पुढे धरला.

“रेणूबाई, बघा बरं. कापतो का?”

“नाही कापत, काका.”

“तुम्हाला दिसत न्हाई. मला आतून कळून राह्यलंय.”

त्या दिवशी ती जेवली नाही. मी ताट झाकून ठेवलं. सकाळी तसंच सापडलं.

जानेवारीत लेपानं दम सोडला. उघडण्यावाचून इलाज राहिला नाही. रेणूनं हट्ट धरला की चकती शिवाजीकाकाच सोडतील. सर म्हणाले, “ज्यानं बिघडवलं त्यालाच बोलवायचं?” ती म्हणाली, “दुसऱ्या कोणी सोडली तर कडी खरवडेल, सर. मग कारण कळणार नाही.” सरांना ते पटलं. पण तिच्या मनात वेगळंच होतं. तिला वाटत होतं, सगळ्यांसमोर चकती निघावी, लाल दिसावं आणि तोंड उघडायची वेळच येऊ नये.

शिवाजीभाऊंनी सोळा बोल्ट सोडले. चकती उतरवली, तांब्याची कडी हातात घेतली. कडीवर आडवी, केसाएवढी लालसर रेघ होती. त्यांनी ती उजेडात धरली, मग रेणूकडे पाहिलं. सर भांड्याच्या दुसऱ्या अंगाला होते.

“काय दिसतंय, शिवाजीराव?”

“काही न्हाई, साहेब. माझाच बोल्ट ढिला ऱ्हायला व्हता.”

आणि त्यांनी कडी खिशात घातली.

लिथियमची पांढरी पडलेली खपली व्हिनेगरनं धुवून काढतात. त्या दिवशी रेणू घरी आली तेव्हा तिच्या ओढणीला त्याचा आंबूस वास होता. तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. खरंच उतरलं. कोणाला कळणार नव्हतं. भाऊंनीच झाकलं होतं.

“तुला बरं वाटलं ना, आई?” तिनं माझ्याकडे न बघता विचारलं.

रविवारी ती त्यांच्या घरी निघाली. एकटीला सोडवेना म्हणून मीही गेले. शिवाजीभाऊ पलंगावर बसले होते. त्यांच्या पत्नी, बेबीनंदा, आत चहा करत होत्या.

“काका, ती कडी द्या.”

“कोणती कडी?”

“खिशात घातली ती.”

“फेकून दिली म्या.”

आतून बेबीनंदांचा आवाज आला, “खोटं कशाला बोलता? कुंकू लागलेलं हाय म्हणून म्या देवापुढं ठिवलंय. कुंकवाचं फेकतेत व्हय?”

भाऊंनी कपाळाला हात लावला. “या बाईच्या पोटात काई ऱ्हात न्हाई.”

मी पुढे सरकून म्हणाले, “भाऊ, चूक माझी आहे. फोन मी केला होता. तिची इच्छा नव्हती.”

“तुम्ही आई हायेत, वहिनी. तुम्ही म्हणणारच.” मग ते रेणूकडे वळले. आवाज चढवला नाही. “पण तुम्ही, रेणूबाई, अडीच महिने रोज दारावरून जात व्हत्या. म्या हात पुढं केला, कापतो का इचारलं. तुम्ही म्हणल्या न्हाई कापत. तेवढं म्हणून थांबल्या.”

“हो,” रेणू म्हणाली.

“मंग आता ऱ्हाऊ द्या ना. मला कळलं माझा हात बराबर व्हता. बस्स झालं. तुम्ही बोलल्या तर साहेब तुम्हाला पट्ट्याच्या बाहेर काढतील. ती भिंत दुसऱ्या कोणाला जमणारी न्हाई.”

“तुम्हाला कळलं. बाकीच्यांना नाही कळलं.”

बेबीनंदा चहा घेऊन आल्या आणि ताटलीत कपांशेजारी ती कडी. “घेऊन जा, बाई,” त्या म्हणाल्या. “अडीच महिने या माणसाची दाढी मी करून राह्यले. हातात वस्तरा धरीना. गाल कापंल म्हणी.”

परत येताना गल्लीच्या कोपऱ्यावर मी तिला म्हणाले, “रेणू, नीट विचार कर. त्यांनी स्वतःहून झाकलंय. आता उकरून कोणाचं भलं होणार आहे?”

“आई, आता फोन ठेव,” ती म्हणाली. माझ्या हातात फोन नव्हता.

सोमवारी तिनं कडी सरांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं. सर ओरडले नाहीत. बराच वेळ कडी फिरवून बघत राहिले. मग सगळ्यांना बोलावलं, शिवाजीभाऊंना स्टोअरमधून आणवलं आणि म्हणाले, “शिवाजीराव, मी चुकलो. गळती तुमच्या हातानं नव्हती.” कुंकवाचं तिनंच सांगितलं. एकजण हसला, नंतर कोणी हसलं नाही. दुपारी सरांनी तिच्याकडून काचेच्या पेटीची किल्ली मागून घेतली. “कामावरून काढत नाही,” ते म्हणाले. “पण लिथियम तुझ्याकडे देऊ शकत नाही. घरून फोन आला की तू काय करशील, हे मला आता माहीत नाही.”

हे वाक्य ती मला जसंच्या तसं सांगून मोकळी झाली. तिनं ते मला टोमणा मारायला म्हणून सांगितलं नव्हतं. लागायचं तिथं लागलं.

आता ती पट्ट्याच्या बाहेर टेबलावर बसते. समोरच्या पडद्यावर प्रत्येक शॉटचे आकडे येतात, ते ती लावून ठेवते: कड किती तापली, भिंतीवरून किती गार वायू परत आला. शिवाजीभाऊ पुन्हा बोल्ट आवळतात, स्वतःची दाढी स्वतः करतात, असं बेबीनंदा म्हणाल्या. ते रेणूशी बोलतात, पण कामापुरतं. भिंतीचा थर सर स्वतः देतात. त्यांना बाकी पन्नास कामं आहेत.

एवढं सगळं झाल्यावर मला जे हवं होतं तेच मिळालंय. माझी मुलगी आगीपासून वीस पावलं लांब, आठ तास खुर्चीवर. मी दिवसा फोन करत नाही. करायला कारणच उरलं नाही. सगळे झोपल्यावर हे लिहायला बसले, तर तिच्या खोलीतला दिवा अजून चालू दिसतोय. उठून जावं, तर तिच्याशी बोलायचं काय, हे मला सुचत नाही. मागच्या आठवड्यात बाहेरच्या एका मोठ्या संस्थेचा फॉर्म तिच्या टेबलावर होता. “भरणार आहेस का?” मी विचारलं. “शिफारशीला सरांचं पत्र लागतं,” ती म्हणाली. फॉर्मची तारीख काल गेली.

आज जेवताना तिला विचारलं, “कसा गेला दिवस?”

“चौथ्या शॉटला कड गार पडली.”

“पुन्हा गळती?”

“नाही. जोड घट्ट आहेत. थर एका बाजूला पातळ बसलाय. आकड्यांवरून कळतं. लिथियम तापवायची वाटी थोडी तिरकी आहे, एवढंच.”

“मग सांगायचं ना सरांना.”

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, तू आकडे लाव.”

तिनं भाजी संपवली, ताट धुतलं आणि खोलीत गेली.